सीमेपलीकडची साक्ष

सेनगावच्या पोलीस ठाण्याची पायरी चढताना सोजराबाईला एकच घोर लागला होता. गुन्हा घडला तेलंगणात. इथं महाराष्ट्रात तो कोण लिहून घेणार?

सोजराबाई पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावरची. नवरा ऐन तरुणपणी गेला, तेव्हापासून हळदीचं वावर तिनं एकटीनं सांभाळलं. तांड्यावरच्या कुठल्याही बाईवर वेळ आली की तिलाच बोलावणं यायचं. पण ठाण्यात जायची पाळी कधी आली नव्हती. आज सोबत भाची होती, विशीतली रविना. बापाबरोबर तेलंगणातल्या एका वीटभट्टीवर कामाला गेलेली. तिथल्या मुकादमानं तिच्यावर बलात्कार केला होता.

बाप फुलसिंग, सोजराबाईचा धाकटा भाऊ, पोरीला घेऊन घरी आला आणि गप्प बसला. "लेकरू जितं आलं, बास झालं. तिकडचं राज्य येगळं, कायदा येगळा," एवढंच तो म्हणे.

पण ठाण्यातल्या फौजदार विजयाबाईंनी दोघींना खुर्च्या दिल्या. "गुन्हा कुठं बी होऊ द्या मावशी, इथं लिहून घेता येतो. कागद तिकडच्या ठाण्याला जातील. कलम इथं बी तेच, तिकडं बी तेच."

"राज्य बदललं तरी?"

"व्हय, तरी."

तक्रार लिहून झाली, तरी सोजराबाईचा विश्वास बसेना. ती हिंगोलीला विष्णुपंत वकिलांकडं गेली. विष्णुपंतांनीही तीच हमी दिली, पण सुस्कारा टाकला. "एकच कायदा आहे म्हणून तुमचं काम सोपं झालं, खरं आहे. पण मला विचाराल तर राज्याला आपला कायदा करता यावा. बायकांवरच्या अत्याचारांसाठी आपल्या विधानसभेनं कडक कायदा मंजूर केला होता. दिल्लीहून त्याला मंजुरीच आली नाही."

"मंग आमच्यासारख्यांनी काय करावं? पोटासाठी आमी दरसाल राज्य बदलून राहिलो. रविनाला कुठल्या राज्याचा कायदा लागला असता?"

"जिथं घडलं तिथला," विष्णुपंत म्हणाले. "म्हणून म्हणतो, देशाचा कायदा पायाला असावा, आणि राज्यानं त्यावर भर घालावी. कमी करू नये."

हेही सोजराबाईला पटलं. गाडीत ती एकच कायदा आणि राज्याची भर, दोन्हींचा विचार करत राहिली.

खटला उभा राहिला तिकडच्या कोर्टात. असला खटला उघड्यावर चालवत नाहीत, म्हणून दारं बंद झाली. न्यायाधीशबाईंच्या परवानगीनं सोजराबाई आत बसली. सगळं बोलणं तेलुगूत. रविना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी, काय विचारतायत ते तिला कळेना.

मग दुभाषी म्हणून एक बाई पुढं आली. तिनं रविनाकडं पाहिलं आणि गोरमाटीत, तांड्यावरच्या घरच्या बोलीत विचारलं, पाणी हवं का?

सोजराबाईच्या अंगावर काटा आला. एवढ्या लांब, परक्या मुलखात, एवढ्या मोठ्या खुर्चीसमोर आपली बोली! ही बाई तिथल्याच एका तांड्यावरची होती. रविना पाणी प्यायली आणि बोलू लागली. तिच्या एकेक शब्दाची तेलुगू होत होती, न्यायाधीशबाई थांबून लिहून घेत होत्या. मुकादमाच्या वकिलानं उलटसुलट विचारलं, तरी पोरगी हलली नाही. जन्मापासून अंगाखांद्यावर खेळवलेली ही भाची सोजराबाईला आज पहिल्यांदा दिसत होती. तिनं नकळत हात जोडले. कोणाला, ते तिलाच कळलं नाही.

मुकादमाला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. निकालाच्या दिवशी फुलसिंगही आला होता. बाहेर झाडाखाली तो डोक्यावरचा पटका काढून लेकीपुढं उभा राहिला.

"भूक लागली, बापू," रविना म्हणाली.

तिघं रस्त्यापलीकडच्या खाणावळीत शिरले.