वावरातली हवा उपग्रहाला विचारली तेव्हा

मे महिन्यात वऱ्हाडात कुणी फिरायला जातं का? मीही गेले नसते. पण अकोल्याहून शालूमावशीच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या मावसाजींचा, फोन आला. "तुह्या उपग्रहाले आमचं वावर दिसते का? तिथली हवा चांगली हाये एवढं सांग, म्हणजे आमी घर विकाले मोकळे."

मी पुण्यात एका संशोधन गटात काम करते. मोठ्या शहरांभोवतीचं ओझोनचं प्रदूषण उपग्रहाच्या मदतीने शोधणं, हे आमचं काम. मावशीला दमा आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातलं गल्लीतलं घर विकायचं आणि गावाबाहेर पूर्वेला, मूर्तिजापूर रस्त्यालगतच्या आपल्या भाजीच्या वावरात दोन खोल्या बांधून राहायचं, असा त्यांचा बेत होता. गिऱ्हाईकही ठरलं होतं. उपग्रहाच्या धुराच्या नकाशावर वावर स्वच्छ दिसत होतं. पण जमिनीलगतचा ओझोन उपग्रहाला नीट दिसतच नाही, उंचावरचा ओझोनचा जाड थर मध्ये येतो. म्हणून आम्ही खालचा ओझोन ज्या वायूंपासून बनतो ते वरून मोजतो आणि अंदाज बांधतो. नुसत्या अंदाजावर मावशीला घर विकायला सांगू? ओझोन मोजायचा, हातात धरायचा मीटर पिशवीत टाकला आणि निघाले.

पुण्याहून रेल्वेने, अकोला मागे टाकून, बडनेरा, तिथून ऑटोने अमरावती. मीटर आधी तिथल्या गर्दीच्या चौकात वापरून बघायचा होता. राजकमल चौकात भर दुपारी उभी राहिले. हॉर्न, धूर, डोक्यावर ऊन. आकडा मात्र बेताचाच! यात नवल नाही. गाड्यांचा ताजा धूर आसपासचा ओझोन खाऊन टाकतो, तेवढंच. मी खुशीत गिलावडा, म्हणजे तिथला दहीवडा, हाणला. उन्हाळ्यात जाणार असाल तर वरून जास्तीचं दही मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. मग एसटीने अकोला. खिडकीची डावी-उजवी बाजू बघून बसा, नाहीतर माझ्यासारखा एक गाल भाजून निघेल.

मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुनं शहर. मावशी दारातच उभी. "किती वाळली व माय! पुण्यात जेवाले देत नाई का?" तिच्या बोलण्याला मधेमधे धाप लागत होती, पण उत्साह काही विचारू नका. खोल्या कुठे, तुळस कुठे, मोगरा कुठे, सगळं तिने मनात लावून ठेवलं होतं. लग्नाआधी ती मळ्यात वाढलेली, आणि नंतरचं सगळं आयुष्य या गल्लीत गेलं. तिला त्या वावरात राहायचंच होतं. माझ्या मीटरने फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो ठरवून वावरात गेलो. वांगी, चवळी, कडेला झेंडू. मावसाजींनी गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले. मी धुरापासून लांब, वारा येतो त्या बाजूला मीटर ठेवला. रोडगे आणि वांग्याची भाजी, वर तुपाची धार! असं जेवण शहरात कितीही पैसे मोजून मिळणार नाही. सकाळभर आकडा शांत होता.

जेवून उठले, मीटर बघितला आणि चरकले. आकडा चौकातल्याच्या किती तरी वर गेला होता, आणि अजून चढत होता. मीटर बिघडला असेल म्हणून बंद करून पुन्हा लावला. तोच प्रकार. शहराचा धूर पश्चिमेच्या वाऱ्याने इकडे येत होता, वाटेत उन्हात शिजत होता, आणि त्याचा ओझोन होत होता. आमच्या अभ्यासात हे मी मोठ्या शहरांच्या बाबतीत शंभरदा बघितलंय. माझ्या मावशीच्या चवळीवर ते बघेन असं वाटलं नव्हतं.

"काय झालं?" मावसाजींनी विचारलं.

"ओझोन वाढलाय."

मावसाजी विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! शालू, ऐकलं का? आपल्या वावरात ओझोन हाये! पोरांले मी जलमभर शिकवलं, ओझोन आपलं रक्षण करते. ये, बाहीर बस. लंबा श्वास घे!" त्यांनी बाज ओढली, आणि मावशीने हसत, डोळे मिटून, छातीभर श्वास घेतला.

मी किंचाळलेच. "मावशी, नको!"

मग समजावून सांगितलं. तो उंचावर असतो तोवर उन्हातले घातक किरण अडवतो. नाकातून आत गेला की छाती जाळतो. दमेकऱ्याची तर फारच. मावसाजींनी मावशीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "शालू, दर रविवारी आपून इथून संध्याकाळी घरी जातो. अन् गेल्याबरोबर तुले दम्याचा पंप लागते."

"हो न," मावशी म्हणाली. "आमी म्हणो, गल्लीत पाय ठेवला का त्रास सुरू होते."

ज्या त्रासाचं खापर गल्लीवर फोडून घर विकायला काढलं होतं, तो कदाचित ती वावरातूनच घेऊन जात होती. एका दिवसाच्या मोजणीने काही सिद्ध होत नाही, गल्लीची हवाही चांगली नाही, डॉक्टरांशी बोला, घराची घाई करू नका, असं सगळं मी भराभर बोलून गेले.

"मंग चांगली हवा कुठं हाये ते सांग," मावशी म्हणाली. "तिथं जाऊ."

मी फोनवर आमचा नकाशा उघडला आणि एकेक गाव बघून तो बंद केला.

परत आले. घर विकणं तूर्त थांबलंय. तुम्ही वऱ्हाडात जरूर जा, हिवाळ्यात जा, रोडग्यांचं आमंत्रण मिळालं तर मुळीच सोडू नका. धूर डोळ्यांना दिसतो, त्याच्यापासून आपण पळतो. पण हिरव्या शेतात, झेंडूच्या कडेला बसल्यावर कुणाला शंका येणार? मलाही आली नव्हती, आणि मी हेच काम करते.

मावशी आता सकाळीच वावरात जाते, ऊन चढायच्या आत परतते. जेवढं ऊन कडक तेवढा ओझोन जास्त, हे तिने पाठ केलंय. काल तिचा फोन आला. आवाजात धास्ती होती.

"आज आभाळ कसं निळंशार हाये व. एक ढग नाई. दारं लावून घेऊ का?"

"हो मावशी," मी म्हटलं. "लावून घे."