डोरीन लाहटीची नवी रायफल

डोरीन लाहटी सप्टेंबरात चौथ्यांदा दुकानात शिरली, तेव्हा हार्लनने पेपरातून मान वर न काढताच विचारलं, "आज कुठल्या रायफलीला नावं ठेवायची?"

"सगळ्यांना," डोरीन म्हणाली. "काढा बाहेर."

हार्लन सत्तरी ओलांडलेला. त्याच्या दुकानात पुढे गळ आणि गमबूट, मागे बंदुका, आणि मध्ये दिवसभर आटत राहिलेली कॉफी. मिशिगनच्या उत्तर टोकाला, तळ्यांच्या आणि स्प्रूस वृक्षांच्या त्या मुलखात, दुसरं दुकान पन्नास मैलांवर होतं. डोरीनच्या वडिलांनी त्यांची रायफल याच काउंटरवरून, हार्लनच्या वडिलांकडून घेतली होती. ती बोल्टची होती. एक गोळी झाडली की मूठ वर करायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. मग दुसरी गोळी. वडिलांनंतर बत्तीस वर्षं डोरीनने ती वापरली. आता ती कपाटात होती.

कारण खांदा. सव्वीस वर्षं ती शाळेची बस चालवत आली होती, आणि तिच्या बसचं दार ड्रायव्हरने उजव्या हाताने दांडा ओढून उघडायचं होतं. सकाळ-दुपार मिळून ऐंशी वेळा. दोन वर्षांपूर्वी खांद्याची शस्त्रक्रिया झाली. दांडा ओढता येऊ लागला, पण वडिलांची रायफल सुटली की खांद्यात असा धक्का बसायचा की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि धक्का बसण्याआधीच शरीर त्याच्या भीतीने आक्रसायला लागलं होतं. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटायचे. नेम धरणाऱ्या माणसाला याहून वाईट खोड नाही.

गेल्या वर्षी ती खोड सगळ्यांसमोर उघडी पडली. लाहटींचा कॅम्प म्हणजे जंगलातलं लाकडी खोपटं, पाच बिछाने आणि एक सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली. हरणांच्या शिकारीचा मोसम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्याआधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, कॅम्पातल्या प्रत्येकाने शंभर यार्डांवरून कागदी थाळीला तीन गोळ्या लावायच्या, हा वडिलांनी घातलेला नियम. एकही थाळीबाहेर गेली, तर त्या वर्षी मचाण नाही, चूल सांभाळायची. ओळीने दोन वर्षं चुकला, त्याची मचाण पुढच्या माणसाला. गेल्या वर्षी डोरीनची दुसरी गोळी थाळीच्या खाली हातभर मातीत गेली. नंतरचे दहा दिवस तिने बटाटे तळले.

तिची मचाण बीव्हर तळ्यावरची, वडिलांची. पुढचा माणूस होता क्रेग, तिचा भाऊ वर्न याचा जावई. तो पाच वर्षं रस्त्यालगतच्या दलदलीत बसत होता आणि त्याने आतापर्यंत तिथे मुख्यतः ट्रक पाहिले होते.

"पुन्हा सांगतो," हार्लन म्हणाला आणि तीन रायफली काउंटरवरच्या जुन्या ब्लँकेटवर ठेवल्या. तिन्ही अर्धस्वयंचलित. चाप ओढला की एकच गोळी सुटते. पण रिकामं काडतूस फेकून नवं भरायचं काम रायफल त्याच गोळीच्या वायूच्या जोरावर करते. त्यात धक्क्याचा काही भाग खर्च होतो. डोरीनला हवा होता तो नेमका हा भाग.

पहिली काळी, हलकी, दस्ता मागेपुढे सरकणारा. "थाळीसाठी हिच्यासारखी नाही," हार्लन म्हणाला. "धक्का तर मांजर अंगावर उडी मारेल तेवढासुद्धा नाही. गोळ्या स्वस्त. दिवसभर मार."

"आणि हरीण?"

"गोळी बारीक आहे. बरगड्यांमागे नीट लागली तर पडेल. नाही लागली तर तुला संध्याकाळपर्यंत रक्त शोधत फिरावं लागेल."

"मग नको."

"हे तू तीनदा म्हणालीस."

दुसरी अक्रोडाच्या दस्त्याची, मोठ्या गोळीची. डोरीनने ती खांद्याला लावली आणि खाली ठेवली. वजन चांगलं होतं, पण हिचा धक्का कसा बसेल ते तिला खांद्याने आधीच सांगितलं. तिसरी तशीच लाकडी, तिचं काडतूस मधलं: हरणाला पुरे, खांद्याला सोसेल. मॅगझिन चार गोळ्यांचं. डोरीनने ती उचलली, दुर्बिणीतून भिंतीवरच्या कॅलेंडरचा आकडा पाहिला, ठेवली, पुन्हा उचलली. दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बसची वेळ झाली का?" हार्लनने विचारलं.

"शनिवार आहे आज."

"मग बस ना जरा. पाय का नाचवतेस?"

"हार्लन, ही अडकत नाही ना?"

"साफ ठेवलीस तर नाही अडकत. आणि तिला गोंजारू नकोस. पहिली गोळी भरताना मूठ मागे ओढायची आणि सोडून द्यायची. आपली आपण आपटते ती."

"आपटते म्हणजे?"

हार्लनने मूठ ओढून सोडली. खणकन आवाज झाला. गळ बघत उभं असलेलं एक गिऱ्हाईक वळून पाहू लागलं.

डोरीनच्या कपाळावर आठी पडली. तरी तिने फॉर्म भरला आणि तीच रायफल घरी नेली.

पुढचे पाच आठवडे तिला चैन नव्हतं. बस सोडली की ती गावाबाहेरच्या खाणीच्या खड्ड्यात जाऊन गोळ्या मारायची. पहिल्या दिवशी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी मिटले नाहीत. दहाव्या दिवशी पाच गोळ्या मुठीएवढ्या जागेत गेल्या आणि खांदा दुखला नाही. यावर माणसाने खूश व्हायला हवं होतं. पण डोरीन घरी येऊन रायफल उघडायची, पुसायची, जोडायची, पुन्हा उघडायची. रे नावाचा तिचा नवरा शिकार करत नसे. तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

"थाळी लागतेय ना तुला?" एकदा त्याने विचारलं.

"लागतेय."

"मग?"

"मग काय? माहीत नाही मला. काहीतरी राहिलंय."

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार उघडा, थंड निघाला. कॅम्पामागच्या मोकळ्या पट्टीत वर्नने थाळी ठोकली. वर्न बासष्ट वर्षांचा, जन्मभर जंगलतोडीत काम केलेला, वडील गेल्यापासून कॅम्पाचा कारभारी. दोन चुलतभावांचं झालं. क्रेगचं झालं, तिन्ही गोळ्या थाळीच्या मध्याजवळ. त्याने खांदे उडवले आणि मांस-बटाट्याच्या पॅस्टीचा तुकडा मोडला.

"चल, डोरी," वर्न म्हणाला आणि तिच्या हातावर तीन काडतुसं ठेवली. मग तिच्याकडे पाठ करून दहा पावलांवर उभा राहिला.

हीच गोष्ट राहिली होती. तिला ती त्याच्या पाठीकडे बघताना आठवली. गेली अठ्ठेचाळीस वर्षं ती ही पाठ बघत होती, आधी वडिलांची, मग वर्नची. थाळीच्या नियमाला दुसरा अर्धा भाग होता: भरताना आवाज ऐकू आला तर ती गोळी गेली, म्हणजे चुकली असं धरायचं. हरीण तुमच्या आधी मचाणीपाशी आलेलं असतं, असं वडील म्हणायचे. म्हणून बोल्ट दोन बोटांनी, झोपलेल्या घराचं दार लावावं तसा लावायचा. हे सगळं इतकं अंगवळणी होतं की पाच आठवडे खड्ड्यात खणाखण गोळ्या भरताना तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"डोरीन आंटी, तुमची ती मशीन भरायला शिट्टी वाजवते का?" क्रेग म्हणाला.

"तू पॅस्टी खा."

तिने मॅगझिन लावलं. मूठ मागे ओढली आणि सोडली नाही; हाताने धरून, श्वास रोखून, हळूहळू पुढे जाऊ दिली. कसलाही आवाज झाला नाही. वर्नची पाठ हलली नाही. तिने दुर्बिणीत थाळी घेतली आणि डोळे उघडे ठेवून चाप ओढला.

टिक.

मग क्रेग म्हणाला, "हरीण गेलं."

डोरीनने मूठ ओढली. न उडालेलं काडतूस गवतात पडलं. तिच्या हातून मूठ सुटली आणि बोल्ट खणकन आपटला. कॅम्पाच्या छपरावरचा कावळा उडाला. वर्न वळला.

"काय चाललंय?"

"उडाली नाही."

"आणि आवाजही केला," क्रेग म्हणाला. "एक गोळी टिकमध्ये गेली, एक खणकन आवाजात. आता काय उरलं?"

"तुला कोणी विचारलं?" वर्नने गवतातून काडतूस उचललं, बूड डोळ्यांजवळ नेलं. मध्यभागी नखाने दाबावं एवढा उथळ खळगा होता. "हे झाडलेलं नाही," तो सावकाश म्हणाला. "नियम झाडलेल्या गोळीचा आहे. पण आवाज मी ऐकला, डोरी. ही दुसरी भरलेली गोळी तशीच काढून टाक. तिन्ही परत भर. तिन्ही वेळा मला ऐकू येता कामा नये."

"तिन्ही वेळा कशाला?" एक चुलतभाऊ म्हणाला. "ही तर पुढच्या दोन आपोआप भरते."

वर्नने यावर विचार केला. कॅम्पात अशी रायफल आजवर आली नव्हती. वडिलांनी तिच्यासाठी काही सांगून ठेवलं नव्हतं. "मग एकदा," तो म्हणाला. "पण ऐकलं, तर मचाण क्रेगची. या वर्षीपासून." आणि त्याने पाठ केली.

डोरीन एका गुडघ्यावर बसली. मूठ सोडली तर वाजणार. धरली तर उडणार नाही. तिने मॅगझिन लावलं, मूठ ओढली, पुन्हा तशीच हाताने पुढे नेली, आणि या वेळी दुर्बिणीत न बघता रायफल डोळ्यांसमोर धरली. मूठ पूर्ण पुढे गेलेली नव्हती. खाचेच्या टोकापाशी धाग्याएवढी फट होती. स्प्रिंगला धावायला मिळालं नव्हतं, म्हणून बोल्ट शेवटचा टप्पा न घेताच थांबला होता. हार्लनने हेच सांगितलं होतं, गोंजारू नकोस. त्याला फक्त जंगलातला नियम ठाऊक नव्हता.

तिने डाव्या तळव्याचा उंचवटा मुठीमागे टेकवला आणि सगळं वजन देऊन दाबला. फट मिटली. आवाज झाला. खणकन नाही, सुकी काटकी बुटाखाली मोडावी एवढा.

तिने वर्नच्या पाठीकडे पाहिलं. क्रेगनेही पाहिलं. वर्न तळ्याच्या बाजूला बघत उभा होता. करवतीच्या आवाजापायी त्याचा डावा कान गेलेला आहे, हे कॅम्पात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. तो कुठला कान इकडे करून उभा होता, ते डोरीनला तेवढ्या घाईत ठरवता आलं नाही.

तीन गोळ्या. मध्ये हाताने काही करायचं नव्हतं. तिसरी थाळीच्या कडेला लागली, पण थाळीतच.

"ऐकलंत तुम्ही?" क्रेगने सासऱ्याला विचारलं.

"काय?"

"भरतानाचा आवाज."

"थाळी आण," वर्न म्हणाला.

त्याने भोकं मोजली, थाळीवर तारीख आणि डोरीनचं नाव लिहिलं आणि ती इतर थाळ्यांबरोबर खोपटाच्या भिंतीला लावली. क्रेगने भांडी विसळताना एक पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं. डोरीनने त्या रात्री सौनात वर्नला विचारायचं ठरवलं, आणि विचारलं नाही. नंतर दोन आठवडे बस चालवताना ती प्रत्येक थांब्यावर तो काटकी मोडल्यासारखा आवाज ऐकत होती. त्याने ऐकलं असेल, तर मचाण तिची नव्हती; त्याने कानाडोळा करून ती तिला दिली होती. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि डोरीनसारख्या बाईला तो झोपू देत नाही.

पंधरा नोव्हेंबरला उजाडायच्या अर्धा तास आधी ती बीव्हर तळ्यावर होती. भरायची वेळ झाली. मूठ ओढली, पुढे नेली, तळवा टेकवून दाबली. कट.

तळ्याच्या पलीकडे, करड्या उजेडात, चाळीस पावलांवर एक मान वर झाली. शिंगांचा नर होता. त्याचे दोन्ही कान नेमके तिच्याकडे वळले. डोरीन श्वास न घेता बसली.

म्हणजे चाळीस पावलांवर ऐकू येत होतं. वर्न दहावर होता, आणि एक कान त्याचा चांगला होता.

बराच वेळ गेला. नराने कान फिरवले, मान खाली घातली आणि पुन्हा चरायला लागला. डोरीनने रायफल हळूच खांद्याला लावली. दुपारी जेवताना वर्नला काय सांगायचं ते तिचं ठरलं होतं: पुढच्या वर्षी पाठ करून वीस पावलांवर उभा राहा, आणि चांगला कान इकडे कर; सूट द्यायची तर अशी उघड दे.

मग तिने डोळे उघडे ठेवले आणि चाप ओढला.