ताईचा फोन माझ्या नंबरावर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, अम्मीजवळ नाही. नमाजाला बसते तेव्हाही या गोष्टीच्या कडेकडेनं जाते, आत शिरत नाही. आता चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, सासरच्या घरी, पहिल्यांदाच तुमच्यासमोर लिहायला बसलेय.

मी नर्स. मूळची वरोऱ्याची, अब्बांचं तिथं शिलाईचं दुकान होतं. पहिली नोकरी लागली ती गडचिरोलीच्या पार आतल्या एका उपकेंद्रात, ठेक्यावर. दोन खोल्या, एक हातपंप, भोवती जंगल. सोबतीला सुनंदाताई. तीही ठेक्यावरचीच नर्स, जवळच्याच गोंडांच्या गावातली, माझ्याहून बरीच मोठी.

भीती काय असते ते मला तिथं कळलं. वाघाची नव्हे — माणसांची. कधी भर दुपारी जंगलातून बंदूकवाले यायचे, तापाच्या गोळ्या मागायचे. मग एखाद-दोन दिवसांनी वर्दीतले यायचे आणि विचारायचे, कोण आलं होतं? दोघांनाही दारात ताईच सामोरी जायची. त्यांच्याशी गोंडीत, यांच्याशी मराठीत, आवाज न चढवता. मी आत, कपाटाच्या आडोशाला, गोळ्यांचा डबा छातीशी धरून. ही नसली तर? — हा प्रश्न मी रोज भातासोबत गिळायची.

आणि ताईला तर तिथून निघायचं होतं. कारण एकच, मंगला. तिची पोर, जन्मापासून ऐकू न येणारी. नागपूरला मूकबधिरांच्या शाळेत होती, मावशीकडे राहायची. भेट दिवाळीत, नाहीतर उन्हाळ्यात. "दुसऱ्या बाया फोनवर पोराचा आवाज तं आयकते," ताई म्हणायची. "माह्या पोरीले फोन काय कामाचा? तिले मी दिसाले पायजे."

नागपूरच्या नोकऱ्या आम्हाला पूर्वी कळायच्याच उशिरा. जाहिरात पेपरात, पेपर एसटीनं, आणि आमच्या हाती पडेस्तोवर मुदत सरलेली. मग ते इंटरनेटचे दिवस आले. मोठे दवाखाने तिथं नर्स शोधू लागले. दर आठवड्याला आमच्यापैकी एकीनं तालुक्याला जाऊन बर्फाच्या पेटीत लस आणायची, अशी पाळी होती. एकदा दोघी मिळून गेलो आणि तिथल्या सायबर कॅफेत मी नोकरीच्या एका साइटवर ताईची माहिती भरली, फोटोही चढवला. ताई पडद्याकडे बघतच राहिली. "मी इथीच बसून हावो, अन् माहं थोबाड नागपुरात पोचलं? मंग पगारबी इथीच पाठवा म्हना!" कॅफेवाला खो खो हसला.

मग मोबाइल नंबरचा रकाना आला. ताईकडे मोबाइल नव्हता. घेऊन तरी काय करायचं होतं, उपकेंद्रात रेंजच नव्हती. माझ्याकडे होता, तो तालुक्याला गेल्यावर जिवंत व्हायचा.

"तुहाच टाक नं शमीम," ती म्हणाली. "तू का परकी हायेस?"

टाकला. तेव्हापासून लस आणायची तिची पाळीही मीच घेऊ लागले. फोन तिथंच वाजणार होता ना.

आणि तो वाजला. मी एसटी स्टँडवर बसले होते, लसीची पेटी गुडघ्यांत धरून. नागपूरच्या एका दवाखान्यातल्या बाई बोलत होत्या. सुनंदा सिस्टर आहेत का? त्यांचा बायोडाटा आम्हाला पसंत आहे. सोमवारी भेटायला येतील का? राहायची सोय आहे, मूल असेल तरी चालेल —

काय करायचं होतं मला? "हो, सांगते" म्हणायचं होतं. दोन शब्द. पण डोळ्यांसमोर ते दार आलं. दारात ताई नव्हती. मी होते.

मी म्हणाले, "नाही मॅडम, त्यांना सरकारी नोकरी लागली. त्या आता येणार नाहीत."

किती सफाईनं बोलले! जीभसुद्धा अडखळली नाही. "बरं, मग नाव काढून टाकते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. बस यायला अजून वेळ होता. फोनमध्ये पैसे होते, रेंज होती. उलटून लावता आला असता. — मी लावला नाही. पेटीतला बर्फ तेवढा बघत राहिले, वितळतोय का म्हणून.

ताई फाट्यावरच उभी होती, मोहाच्या झाडाखाली. माझ्या हातातली पेटी घेतली आणि विचारलं, "आला का वं काई फोन?"

"नाही."

थोडं चालल्यावर ती हसली. "त्या मशीनलेबी समजलं वाटते, हे बाई जंगलातली हाये म्हून. कोन बलावते आपल्याले?" नंतर म्हणाली, फोटोत माहं तोंड लई काळं आलं होतं. तिनं पुन्हा माहिती भरू दिली नाही. मी आग्रह केला नाही.

पुढच्या वर्षी मी माझी माहिती भरली आणि त्याच साइटवरून, त्याच मोबाइलवर, मला नागपूरचं बोलावणं आलं. मी गेले. होय, तिला त्या दारात एकटी सोडून गेले. माझी बॅग डोक्यावर घेऊन ताई फाट्यापर्यंत आली. बस सुटता सुटता खिडकीशी येऊन म्हणाली, "मंगलीले भेटत जाजो. तुह्या तोंडून माही खुशाली तिले सांगजो."

एकदाच गेले. मंगला दारात माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि टक लावून माझ्या तोंडाकडे बघू लागली. तिची मावशी कौतुकानं म्हणाली, "बोला नं तुमी, आता तिले सारं समजते. ओठ पाहून वाचते ते."

मी ओढणीचा पदर तोंडावर धरला, खोकला आल्यासारखं करून. खाऊची पिशवी मावशीच्या हाती दिली आणि जिना उतरले. पोर मागून कठड्यापर्यंत आली होती — मला तिची पावलं ऐकू येत होती. मी वर पाहिलं नाही.

ताई अजून त्याच उपकेंद्रात आहे.