एकाच खटक्यावर मोटर आणि दिवे

दहावीला शास्त्रात चांगले गुण पडले की विजेचं सगळं कळतं, असा माझा तेव्हा ठाम समज होता. नव्वद सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. वडगाव निंबाळकरला आमचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. यजमान नांगराचे फाळ आणि उसाच्या गाड्यांचे आस दुरुस्त करायचे. भोकं पाडायचं यंत्र आणि धार लावायचं चाक, दोन्ही एकाच मोटरीच्या पट्ट्यावर फिरायची. शेडला खिडकी नव्हती, त्यामुळं दिवसासुद्धा दिवा लागायचा.

दसऱ्याला डाळजहून नणंद यायची होती. तिच्या नव्या घराच्या दाराला घंटीचं बटन होतं आणि ते पाहुण्यांना दाबून दाखवण्यात तिचा अर्धा दिवस जायचा. मग मी काय कमी? वर्कशॉपात नवीन वायरिंग चाललं होतं. मी वायरमनला म्हटलं, "भाऊजी, एकच मोठा खटका बसवा. मोटर आणि दोन्ही दिवे, सगळं एकदम चालू झालं पाहिजे."

"वहिनी, दिव्याचं बटन येगळं असू द्या. मानसाला कधी नुसता उजेड बी लागतो."

"नुसता उजेड कशाला? हितं काय पोथी वाचायचीय?"

स्वतःच्या विनोदावर मीच हसले. दुसरं कोणी हसलं नाही, हेही मला तेव्हा कळलं नाही. यजमान म्हणाले, "बसव बाबा तिच्या मनासारखं, न्हायतर मला आज जेवान न्हाय." खटका बसला.

खंडेनवमीला हत्यारं मांडली. मोटरीला हळदकुंकू लावलं आणि चाकाला झेंडूची माळ मीच बांधली, दोऱ्याचे चांगले सात वेढे घालून. पूजेनंतर यंत्रांना विश्रांती, खटक्याला हात लावायचा नाही. नणंद दसऱ्याला आली, सोनं वाटून झालं, तरी माझा खटका दाखवायचा राहूनच गेला. रात्रभर तेच डोक्यात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान माळ काढायला बसले. दोरा पट्टा आणि चाकाच्या मधे अडकला होता. ते मोटरीमागं उकिडवे बसून आत हात घालून तो सोडवत होते. तेवढ्यात नणंद पिशवी घेऊन दारात आली.

"दादा, येते रं," ती म्हणाली आणि मग माझ्याकडं वळून, "वहिनी, हितं किती गं अंधार!"

"अंधार? आता बघा, वन्सं."

माझ्या डोक्यात त्या क्षणी खटका म्हणजे दिवा होता. मी तो दाबला.

दोन्ही दिवे झकास लागले. झेंडूच्या पाकळ्या पार पत्र्यापर्यंत उडाल्या. यजमानांचा आवाज मी आयुष्यात तसा पुन्हा ऐकला नाही. मी खटक्यावर हात तसाच ठेवून उभी. मला ढकलून खटका बंद केला तो नणंदेनं. शास्त्रात हुशार मी होते, ती चौथी नापास.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हात आत असताना मोटर चालू केली कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत यजमान पुटपुटले, "अंधार हुता. मीच म्हनलो तिला, जरा उजेड कर."

नणंदेनं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "व्हय, दादाच म्हनला."

उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्या बोटांनी ते फाळाची धार नुसती चाचपून सांगायचे. पुढं त्यांना कानस धरवेना, घण पेलेना. वायरमन न बोलावता आला आणि दिव्यांना वेगळं बटन बसवून गेला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. वर्षभरात वर्कशॉप बंद पडलं आणि यजमान कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाले.

आता नातवंडं आबांचा हात हातात घेऊन गोष्ट सांगा म्हणतात. आबा रंगवून सांगतात, आणि 'मीच म्हनलो, उजेड कर' इथं येतात तेव्हा मी चहा बघायला आत जाते. परवा धाकट्या नातीनं मला पदराला धरून थांबवलं. "आजी, तुला आबा बसलेले दिसले न्हाईत का गं?"

"अंधार हुता की, बाळा," बाजेवरून आबाच बोलले. "तिला कसं दिसणार?"

दिसले होते. दोरा कापायचा चाकू मीच त्यांच्या हातात दिला होता.