पाणी कितव्या पायरीला

मनकर्णाबाईंच्या वहीत रोज तीनच ओळी असतात. पहिली तिथीची, दुसरी पाण्याच्या पायरीची, तिसरी त्या दिवशी देवाला काय दाखवलं त्याची. चौथी ओळ लिहायची तर तसंच मोठं कारण लागतं. नातू झाला तेव्हा चौथी ओळ आली होती, सासू गेली तेव्हा आली होती. एरवी पाहुणे, दुखणीखुपणी, भाऊबंदकी असल्या गोष्टींना त्या वहीत पाय ठेवायला जागा नाही.

ही सवय पैठणची. त्यांचे वडील कडूबा गोदावरीच्या पात्रात टरबुजाच्या वाड्या लावायचे. सकाळी डोळा उघडला की बाजेवरूनच हाक यायची, "मने, पाणी कितव्या पायरीला?" परकर सावरत ही पोर घाटावर पळायची, पायऱ्या मोजायची आणि धापा टाकत परत यायची. पाणी एक पायरी चढलं म्हणजे खालच्या अंगाची वेलं गेली समजायचं. पुढं धरण झालं, वाड्या संपल्या, पण कडूबांचा प्रश्न काही संपला नाही. मरेपर्यंत ते विचारत राहिले आणि लेक मोजत राहिली.

लग्न होऊन त्या तेव्हाच्या औरंगाबादला आल्या, हर्सूलच्या अंगाला. घरामागं गोमुखी नावाचा ओढा, काठावर महादेवाचं लहानसं देऊळ आणि देवळापासून पाण्यापर्यंत अकरा दगडी पायऱ्या. पहिल्याच दिवशी सासूनं हातात निरांजन देऊन सांगितलं, "पाणी जिथं असंल त्या पायरीवर ठेवायचं. कोरड्या दगडावर नाय." नव्या नवरीनं भीत भीत विचारलं, हे पाणी जातं कुठं? सासू म्हणाली, "खामेत. खाम जाती गोदावरीला, तुझ्या माहेरी." हे ऐकलं आणि तिथंच पायरीवर बसून ती ढसाढसा रडली. सासरचं पाणी रोज माहेरी जातं, याच्याहून मोठा आधार तो काय! पुढं नळ आला आणि पैठणच्या धरणाचं, नाथसागराचं पाणी शहरात चढवून आणू लागले, तेव्हा तर त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, "बघा, माझ्या बापानं पाठवलं."

एकोणचाळीस वर्षं झाली. सासू गेली, वहीमागून वही भरली, आजारपण सोडलं तर नेम चुकला नाही. आजारपणात पुंडलिकराव जाऊन पायरी बघून यायचे. पुंडलिकराव म्हणजे मालक. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस. बायको आडवी झाली तरी वही उभी पाहिजे, असं कुरकुरत जायचे, पण जायचे.

यंदा चैत्रातल्या एका सकाळी मनकर्णाबाई निरांजन घेऊन देवळामागं गेल्या आणि थबकल्या. एक टिप्पर पाठमोरा उभा होता. त्याची ट्रॉली वर उचलली गेली आणि विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटचे ढलपे धडाधड पायऱ्यांवर कोसळले. धुळीचा लोट खाली बसला तेव्हा अकरापैकी पाचच पायऱ्या दिसत होत्या.

"अरे थांब! थांब मेल्या!" निरांजन तसंच हातात धरून त्या टिप्परच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. "अम्मा, बाजू हो ना. हमकू क्या मालूम? बोले यहाँ डाल, तो डाला."

"कोण बोल्या?"

"मंदिर के ही लोगां बोले."

मनकर्णाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मंदिराचे लोक! त्या तशाच तडक तात्यासाहेबांच्या दारी गेल्या. तात्यासाहेब म्हणजे देवस्थानचे अध्यक्ष. कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष आणि बोलणं लोण्यात घोळलेलं.

"या वहिनी, या. सभामंडपाचं काम धरलंय. भराव टाकल्याबिगर पाया कसा घेणार?"

"महादेवाच्या डोक्यावर गंगा असती तात्यासाहेब. तुम्ही गंगेच्या डोक्यावर मंडप घालायला निघाला!"

"कसली गंगा वहिनी? कोरडी घळ ती. पावसाळ्यात चार दिवस पाणी, एरवी डबडी न् कचरा." तात्यासाहेब हसले. मग उठून आत गेले आणि एक फाईल घेऊन आले. "आन् मंडप काय आमच्या डोक्यातून निघाला व्हय? हा बघा अर्ज. अक्षर वळखा."

अक्षर ओळखायची गरजच नव्हती. भजनी मंडळाच्या बायका श्रावणात उन्हापावसात बसतात म्हणून गेल्या वर्षी अर्ज करायचं ठरलं, आणि मंडळात अक्षर चांगलं एकट्या मनकर्णाबाईंचं. त्यांनीच लिहिलं होतं, 'महिलांना बसण्यास छत नाही. ओढ्याकडील जागा मोकळी पडून आहे, तरी तेथे मंडप व्हावा, ही नम्र विनंती.' त्यांच्या मनात होती वरची, चिंचेखालची जागा. पण कागदावर चिंच नव्हती. कागदावर फक्त 'मोकळी पडून आहे' एवढंच होतं.

"मग? आम्ही तुमचाच शब्द राखला," तात्यासाहेब म्हणाले.

त्या फाईल परत देऊन निघाल्या. घरी येऊन देवघरापुढं बसल्या आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेतल्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, "मोकळी पडून! ज्या जागेनं एकोणचाळीस वर्षं दिवा झेलला तिला मी मोकळी म्हणले! जीभ झडली कामून नाय माझी?"

"जिभेनं न्हवं, हातानं लिहिलं तू," पुंडलिकराव म्हणाले. मग बायकोचं तोंड बघून पाण्याचा तांब्या पुढं केला.

दुपारी दगडाबाई आल्या. भजनी मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या, पाऊणशे ओलांडलेल्या आणि तोंडानं फाटक्या. "मनकर्णे, रडती काय? त्या तात्याच्या बापानं याच ओढ्याच्या पाण्यावर पेरू पिकवले. आता पोरगं म्हणतंय घळ हाय! गावभर सांगते मी."

"सांगून काय होतंय आत्याबाई? त्यांच्याकडं कागद हाय."

कागदावर कागदच लागतो, हे त्यांना बुद्धभूषणनं सांगितलं. दोन गल्ल्या सोडून राहणारा हा चाळिशीचा माणूस, कॉलेजात सिव्हिल शिकवणारा. विद्यार्थ्यांना घेऊन दरवर्षी ओढा मोजायला यायचा. राडारोडा बघून त्यानंच तक्रार दिली होती. "जय भीम मावशी," म्हणत तो ओसरीवर टेकला आणि त्यानं परिस्थिती सांगितली. सोमवारी महापालिकेचे साहेब पाहणीला येणार. देवस्थान म्हणणार, इथं वाहतं पाणी कधी नव्हतंच. त्याच्याकडं मोजमाप होतं, पण सहा वर्षांचं, तेही दिवाळीच्या सुटीआधीचं. उन्हाळ्यात पाणी असतं याचा पुरावा कुणाकडंच नव्हता.

"उन्हाळ्यात कुठल्या पायरीला असतं म्हणून विचारतील," तो म्हणाला.

"चैत्रात धाव्या, वैशाखात आकराव्या," मनकर्णाबाई पटकन बोलून गेल्या. "दोन हजार सोळा साली तळ उघडा पडला होता. तवा मी शेवटच्या पायरीखाली वाळूत झिरा उकरला. त्यात पाणी लागलं आन् त्याच्या कडंला दिवा ठेवला."

बुद्धभूषण बघतच राहिला. "मावशी, एवढं ध्यानात कसं काय?"

"ध्यानात कशाला, लिहून हाय की."

देवघराखालच्या लाकडी पेटीतून वह्या निघाल्या. हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या, तेलकट, काहींना कसर लागलेली. बुद्धभूषणनं एक उघडली, दुसरी उघडली आणि नंतर जमिनीवर मांडी ठोकून बसला. रोजची तारीख नव्हती, तिथी होती. पण तिथीवरून तारीख काढता येत होती. "मावशी, हे आमच्या कुठल्याच कपाटात नाही," तो हळूच म्हणाला.

मग गेल्या श्रावणातली वही निघाली आणि मनकर्णाबाईंचा हात अडखळला. तिथं चौथी ओळ होती. 'आज मंडपाचा अर्ज माझ्या हातानं लिहिला. ओढ्याकडं जागा भरपूर आहे. फार आनंद झाला.'

बुद्धभूषण गेल्यावर पुंडलिकराव म्हणाले, "एवढं एक पान काढून टाक. कोण मोजतंय?"

"मी मोजते."

"अगं, तात्या तेच पान वाचून दाखवंल सगळ्यांम्होरं. हसतील लोकं तुला."

"हसू द्या. एक पान फाडलं की समदी वही खोटी. मग माझ्या धाव्या पायरीवर तरी कुणी कामून इस्वास ठेवावा?"

सोमवारी देवळापुढं सतरंजी अंथरली गेली. साहेब खुर्चीत, तात्यासाहेब शेजारच्या खुर्चीत, बाकीचे खाली. तात्यासाहेबांनी ठरल्याप्रमाणं सुरुवात केली. कोरडी घळ, घाण, डास, धर्मकार्य आणि शेवटी, "साहेब, खुद्द महिलांचाच अर्ज आहे."

मनकर्णाबाई उठल्या. पदर डोक्यावर घेतला. गेल्या श्रावणातली वही उघडली.

"अर्ज माझा हाय, साहेब. आधी तेच वाचते." आणि त्यांनी ती चौथी ओळ मोठ्यानं वाचली. मागं कुणीतरी खुदकन हसलं. दगडाबाईंनी वळून बघितलं तसं ते हसू जागीच मेलं.

"मी चूक केली. चिंचेखाली लिहायचं ते ओढ्याकडं लिहिलं. आजून एक सांगते. गणपतीचं निर्माल्य मीच या पाण्यात सोडायची, पिशवीसकट. यांनी हटकलं तवा बंद केलं." त्यांनी बुद्धभूषणकडं बोट केलं. "माझं पाप मी वाचलं. आता पाण्याचं वाचते."

आणि त्या वाचत गेल्या. चैत्र शुद्ध पंचमी, दहावी पायरी. वैशाख वद्य एकादशी, अकरावी. पुढचं साल, मागचं साल. एका सुरात, जसा हरिपाठ म्हणावा तसं. बायका माना डोलवू लागल्या. अर्ध्या तासानं साहेबांनी हात वर केला. "बास, आजी. किती वर्षांचं आहे हे?"

"एकुणचाळीस. पण थांबा, कोरडी घळ म्हणणाऱ्यांचं बी एक हाय." त्यांनी एक जुनी वही उघडली. "अधिक महिना, द्वादशी. सातवी पायरी. तात्यासाहेबांच्या थोरल्याला पोहताना धाप लागली, पुंडलिकरावांनी काढला. देवाला खीर केली. चौथी ओळ हाय साहेब. मी उगी लिहीत नाय." त्या तात्यासाहेबांकडं वळल्या. "कोरड्या घळीत लेकरू बुडत होतं का वो?"

तात्यासाहेबांनी रुद्राक्ष चाचपले.

साहेबांनी काम थांबवायला लावलं, वह्यांच्या पानांचे फोटो घेतले आणि टाकलेला राडारोडा देवस्थाननं आठ दिवसांत उचलावा, असं लिहून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनकर्णाबाईंना मात्र टाळ्यांचा राग आला. पायऱ्या अजून गाडलेल्याच होत्या.

आठ दिवस त्या रोज जाऊन बघायच्या. एक वीटसुद्धा हलली नाही. तात्यासाहेब म्हणे बाहेरगावी गेले होते, पण त्यांची पांढरी गाडी दारात उभी असायची. वहीत दुसरी ओळ आठ दिवस एकच होती, 'पायरी दिसत नाही.' एवढ्या वर्षांत असं कधी लिहावं लागलं नव्हतं. दुष्काळानंही लिहायला लावलं नव्हतं, ते देवाच्या माणसांनी लावलं!

नवव्या दिवशी सकाळी भजनी मंडळाच्या चौदा बायका घमेली घेऊन ओढ्यावर आल्या. पुंडलिकरावांनी फावडं धरलं. घमेली भरली, डोक्यावर चढली आणि टाळांच्या ठेक्यावर वरात निघाली ती थेट तात्यासाहेबांच्या फाटकात. पहिलं घमेलं मनकर्णाबाईंनी त्यांच्या गुळगुळीत फरशीवर, गाडीच्या पुढ्यात उलटं केलं. मग दगडाबाईंनी. मग रांगेनं बाकीच्यांनी.

बाहेरगावी गेलेले तात्यासाहेब बनियनवरच बाहेर धावले. "वहिनी, हे काय? माझ्या अंगणात?"

"तुमची अमानत हाय, परत आणली." मनकर्णाबाईंनी पदरानं घाम टिपला. "आन् जागा मोकळी पडून होती, तात्यासाहेब."

दुसऱ्या फेरीला बायका परतल्या तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं फाटकाशी उभी होती. तिसऱ्या फेरीला तात्यासाहेबांनी फोन लावला. संध्याकाळच्या आत जेसीबी आला, त्यामागं तोच टिप्पर. ड्रायव्हरनं मनकर्णाबाईंना बघून कानाला हात लावला. "अम्मा, आज उठाने आया, डालने नहीं."

दिवेलागणीला पायऱ्या उघड्या झाल्या. सहावीला मोठा तडा गेला होता, नववीचा एक कोपरा तुटून पडला होता. मनकर्णाबाईंनी तो तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि जागच्या जागी लावून पाहिला. बसला नाही. मग त्या आणखी एक पायरी उतरल्या, पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि दिवा ठेवला.

वर पुंडलिकराव पिशवी धरून उभे होते. "काय गं, कितव्या?"

"धाव्या," त्या म्हणाल्या. "आन् तो नववीचा तुकडा घ्या पिशवीत. उद्या तात्यासाहेबांना गवंडी मागायचा हाय."