लाल थरातली देवळी

सावळीरामाच्या उजव्या गालात कातडीखाली दगडाच्या कपच्या रुतलेल्या होत्या, निळ्या दिसायच्या. नवा न्हावी असला की विचारी, "बाबा, गालावर गोंदलं का काय?" सावळीराम म्हणे, "मी नाय, विहिरीनं गोंदलं." डाव्या हाताची दोन बोटं अशाच एका विहिरीत राहिली आणि एक कान दुसऱ्या विहिरीत फुटला. सुरुंगाचं काम ते. त्याची बायको कुसाबाई आल्यागेल्याला सांगायची, "आमचं माणूस थोडं थोडं करून साऱ्या तालुक्यात वाटून झालंय. उरलंय ते मी सांभाळते."

उरलेलं सांभाळणंही सोपं नव्हतं. राग आला की हाती लागेल ते फेकायचा. तांब्या, टिकाव, एकदा तर जिती कोंबडी. ती कोंबडी पुढं मरेपर्यंत त्याचा खोकला ऐकला तरी कणगीमागं शिरायची.

पण एका गोष्टीपायी लोक त्याचा राग पोटात घालत. सावळीरामाच्या विहिरीनं आजवर माणूस खाल्लं नव्हतं. विहिरी खोदणाऱ्यांत हे लहान बोलणं नाही. वर दगड ओढायची जी लोखंडी यारी असते तिचा दोर तुटतो, न उडालेला सुरुंग पहार लागताच उडतो, काठ ढासळतो. ज्याच्या नावावर एखादं मढं नाही असा खोदकाम्या नाशिकच्या चारी वाटांना शोधून मिळायचा नाही. सावळीराम होता, आणि हे देवळीमुळं झालं अशी त्याची पक्की समजूत होती.

आपल्याकडची जमीन खाली खणत गेलं की आधी मुरूम लागतो, मग काळा पाषाण. पाषाण फोडता फोडता मधेच एक पट्टा लागतो, गेरूसारखा लाल. त्याच्या खाली परत काळाच पाषाण. खोदणारे या पट्ट्याला साती आसरांचं कुंकू म्हणतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, रुसल्या तर माणूस ओढून नेणाऱ्या. लाल लागलं की सावळीराम मशीन बंद करायचा. सगळ्यांनी ते कपाळाला लावायचं, आणि त्याच लाल थरात हातानं वीतभर देवळी कोरून सात खडे मांडायचे. काळ्यात छिन्नी वाकते, लाल मात्र खरवसासारखं कापतं. देवीनं आपली जागा आपणच मऊ करून ठेवलीय, असं तो म्हणायचा.

त्र्यंबकच्या रस्त्याला दिनेश नावाच्या बागायतदारानं पाहुण्यांना उतरायला खोल्या बांधल्या होत्या. मुंबईची माणसं शनिवारी येऊन डोंगराकडं बघत बसत. त्यांना पाणी पाहिजे म्हणून विहीर, आणि विहीर होतीच आहे तर देवीही. दिनेशनं संगमरवरी आसरा आणवल्या, हातभर उंच, साती एका रांगेत.

"काका, देवळी मोठी पाहिजे," तो म्हणाला. "मधे दिवे सोडू. लोक वरून फोटो काढतील."

"केवढी?"

"माणूस वाकून आत जाईल एवढी."

यादव बाजूला पहार टेकवून उभा होता. हा कुसाबाईचा धाकटा भाऊ, वर्षानुवर्षं दाजींच्या हाताखाली. तो म्हणाला, "दाजी, एवढ्या जागेत तर मी माझा संसार मांडीन."

"तुझ्या संसारापेक्षा देवी बऱ्या. त्या उधळत नाय," सावळीराम म्हणाला. पण मनातून तो फुगला होता. एवढी देवळी तालुक्यात कोणी कोरली नव्हती.

रविवारी त्याची सून पूजा डबा घेऊन आली. मुलगा महेश सातपूरला कारखान्यात, त्याची शिफ्ट होती. पूजा कॉलेजात दगडांचं शिकलेली. लग्न ठरलं तेव्हा सावळीराम म्हणाला होता, दगडाचं शिकायला कॉलेज लागतं तर मग मी प्रिन्सिपल. पण तिला घरी काही विचारायचं झालं की तो आडून आडून विचारायचाच.

ती वर काढलेल्या लाल मातीच्या ढिगाशी बसली. एक ढेकूळ फोडून म्हणाली, "बाबा, हे बघा. ह्या बारीक नळ्या. मुळं होती इथं."

"दगडात मुळं?"

"तेव्हा दगड नव्हता. जमीन होती. उघड्यावरची."

मग तिनं सांगितलं ते सावळीराम जेवायचं सोडून ऐकत राहिला. साडेसहा कोटी वर्षांमागं इथं जमीन फाटली. डोंगराच्या तोंडातून धूर निघतो ते चित्रातलं तसं नव्हे. मैलच्या मैल उभी चीर गेली आणि तिच्यातून दगडाचा रस वर आला, काकवीसारखा पातळ, लालभडक. झाड आडवं आलं, जळालं. जनावर आलं, पळता पळता जळालं. तळ्यावर गेला तर तळं उकळून आभाळात उडालं. तो थंड झाला की काळा पाषाण. पुढं त्या पाषाणावर हजारो वर्षं पाऊस पडला, ऊन तापलं, पाषाण कुजून त्याची माती झाली, त्यातलं लोखंड गंजून ती लाल झाली. झाडं आली, किडामुंगी आली. जरा कुठं बस्तान बसलं की शेजारची जमीन फाटायची, आणि रस परत सगळ्यावरून फिरायचा. माती खालच्या खाली भाजून निघायची, तव्यावरच्या भाकरीसारखी.

"असं कितीदा?"

"पुष्कळदा. ब्रह्मगिरीच्या कड्याला पायऱ्या दिसतात ना, ते त्याचेच थर. आणि हे लाल म्हणजे मधली उसंत. पाऊस किती होता, उकाडा किती होता, काय उगवत होतं, ते ह्या मातीत राहतं. नर्मदेकडं तर या काळ्याच्याही खाली समुद्रातले शंख सापडतात."

"माणूस होता तेव्हा?"

"नव्हता."

"मग बरंय," सावळीराम म्हणाला. "कोणाच्या नावावर मढं नाय."

पूजा हसली आणि उठून काठाशी गेली. खाली यादवनं देवळीची आखणी केली होती. ती पाहून तिचं हसू गेलं. लाल थराच्या वर काळ्या पाषाणाचा काठ, त्याला उभ्या भेगा, आणि भेगांतून पाणी पाझरत थेट आखणीवर उतरत होतं.

"बाबा, एवढं मोठं नका कोरू. माती ती, कितीही भाजली तरी मातीच. पाणी लागलं की परत चिखल होणार. वरचा पाषाण तिच्याच डोक्यावर उभाय. खालून तीच काढली तर तो कशावर राहील?"

"आजवर ऱ्हायला."

"आजवर वीतभर कोरत होता तुम्ही."

यारीवर बसलेला धनराज ऐकत होता, बाकीची माणसंही. सावळीरामाला तेच खुपलं. ती देवळीवर नाही, त्याच्या विहिरीत आजवर एकही माणूस मेलं नाही त्यावर बोट ठेवत होती.

"आता सुनेनं सांगायचं, देवी कुठं बसवायची ते?"

"देवी काळ्यात बसवा. वरच्या अंगाला."

"काळ्यात छिन्नी चालत नाय, तुझ्या कॉलेजात हे शिकवलं नाय का?" असं म्हणून त्यानं डबा उचलून भिरकावला. तो यारीच्या खांबाला लागून फुटला आणि वांग्याची भाजी धनराजच्या सदऱ्यावर गेली. पूजानं झाकण तेवढं उचललं आणि ती बसच्या वाटेला लागली.

मंगळवारी देवळी कंबरभर आत गेली. बुधवारी यादव वाकून पुरता आत शिरला. सावळीराम विहिरीच्या तळाशी उभा राहून सांगत होता, अजून आत घे, मूर्तीचा मुकुट लागेल. वरून लाल पाणी टिपकत होतं. एकदा त्याच्या मनात आलं, हे काल साधं पाणी होतं. पण ते त्यानं तोंडाबाहेर काढलं नाही. तीन दिवसांमागं भाजी फेकलेली, आता मागं कसं फिरायचं.

मग आधी आवाज आला, कापड फाटल्यासारखा. देवळीच्या वरचा पाषाण भेगेतून सुटला आणि बसला. उडाला नाही, आदळला नाही, म्हातारं माणूस बसतं तसा हळू बसला. यादवनं अंग बाहेर टाकलं, पण डावा पाय आत राहिला. हाड मोडलं ते सावळीरामाला त्याच्या एकाच कानानं ऐकू आलं. पाठोपाठ दुसरा तुकडा खाली येऊन तळ फोडायला चालू असलेल्या कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीवर पडला आणि नळी सापासारखी सपासप फिरायला लागली. एकाच्या तोंडावर बसून त्याचे दात गेले. धनराजनं वरून मशीन बंद केलं. बाकीची माणसं शिडीला झोंबली, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन वर गेली. त्यांना बोल लावता येत नाही.

सावळीराम राहिला. वर एक तिसरा धोंडा अर्धा सुटून लोंबत होता, खालून लाल चिखल भळभळत होता. त्यात रक्त किती आणि माती किती, कळायला मार्ग नव्हता.

"साखळी सोड," तो ओरडला. धनराजनं यारीची साखळी खाली सोडली. पाषाणाखालून ती ओवायची तर हात त्या चिखलात खांद्यापर्यंत घालावा लागत होता. त्यानं घातला. यादवचे डोळे मिटायला लागले तशी त्यानं एक सणसणीत कानाखाली दिली.

यादव पुटपुटला, "दाजी, आज तरी मारू नका."

"झोपलास तर परत देईन. तुझ्या अक्काला काय सांगू मी?"

"सांगा, संसार मांडला म्हणून."

त्यानं आणखी एक दिली. साखळी ओवली गेली. "ओढ," म्हणताच यारी करकरली, पाषाण मुठीएवढा उचलला, आणि सावळीरामानं मेहुण्याला काखेत धरून मागं ओढलं. पाय आला, पण नुसता कातडीवर लोंबत. टोपल्यात यादवला टाकून तो वर पाठवतो न पाठवतो तोच तिसरा धोंडा सुटला. त्यानं भिंतीशी अंग टाकलं. धोंड्यानं त्याची पाठ खरवडली आणि जाता जाता खांदा मोडून गेला.

यादव जगला. पाय मात्र नाशिकच्या दवाखान्यात गुडघ्यावरून काढावा लागला. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुसाबाईनं नवऱ्याला सगळ्यांदेखत थोबाडात मारली, मग दुसऱ्या बाजूला. आयुष्यात पहिल्यांदा. "तुमच्या देवळीनं माझा भाऊ चावला," एवढंच म्हणाली. तो खाली बसला. फेकायला हाताशी काही नव्हतं आणि हात उचलतही नव्हता.

पूजा त्याच्या शेजारी बसली. त्यानं विचारलं, "पोरी, बाकीच्यांचं काय?"

"कोणत्या बाकीच्यांचं?"

"माझ्या सगळ्या विहिरींत देवळ्या हायेत."

ती म्हणाली, "दर पावसाळ्यात लाल थोडं थोडं वाहून जातं. वीतभर कोरलेलं आता हातभर झालं असेल. कुठं जास्त."

"खाली बाया धुणं धुतात. पोरं पोहतात."

"बुजवायला पाहिजे, बाबा. दगड भरून, सिमेंट लावून. पण तळाला नळी ठेवायची, पाणी बाहेर यायला वाट पाहिजे. नाहीतर आतली माती फुगून सगळंच बाहेर ढकलेल."

खांदा जरा बसला तसा तो निघाला, ट्रॅक्टरवर दगड-सिमेंट आणि जखम भरलेला यादव घेऊन. पहिल्या दोन-तीन गावांत लोकांनी चहा पाजला आणि सांगितलं तसं करू दिलं. पुढच्या गावात तो विहिरीत उतरला, देवळीतले सात खडे धोतराच्या ओच्यात घेतले, आणि वर येतो तर माणसं जमलेली. गावची आसरा काढली, ती पण कोणी, तर ज्यानं बसवली त्यानंच. एकानं गचांडी धरली. सावळीराम म्हणाला, "ऐकून घे रे." तोवर काठी पाठीत बसली, मग मोडक्या खांद्यावर. तो खाली पडला तर लाथा बसल्या. पूर्वीचा सावळीराम असता तर विहिरीत दोघं-तिघं दिसले असते. हा नुसता ओचा पोटाशी आवळून गुडघ्यांत डोकं घालून पडून राहिला.

शेवटी एक म्हातारी मधे शिरली. "मरंल ना तो," ती म्हणाली. "अन तूच बसवली ना रे देवी? मग आता का हालवतो?"

सावळीरामानं तोंडातलं रक्त थुंकलं. "मावशी, मी तिला चिखलात बसवलं. मला वाटलं, ती जागा तिचीय. तुझी सून त्या देवळीखाली बसून कपडे धुती. माझ्या मेहुण्याचा, यादवचा, पाय बघून ये नायतर."

यादव ट्रॅक्टरवर बसून होता, त्याला मारामारीत उतरता आलं नव्हतं. त्यानं धोतर वर करून थोटा पाय दाखवला. म्हातारीनं सावळीरामाच्या ओच्यातले खडे एकेक मोजून घेतले, पदरानं पुसले, आणि वरच्या अंगाला काळ्या पाषाणात एक नैसर्गिक खोबण होती तिथं नेऊन ठेवले. ज्यानं काठी मारली होती त्याच माणसानं पुढं सिमेंट कालवलं. नळी सावळीरामानं स्वतः बसवली, तिच्यातून लाल पाणी थेंब थेंब बाहेर येईपर्यंत उठला नाही.

ट्रॅक्टरवर चढताना त्याला यादवनंच वर ओढलं.

"दाजी, आता कुठलं गाव?"

"दिंडोरीकडचं."

"ते लोक ह्यांच्यापेक्षा वाईट मारतात."

"ठाऊक हाय," सावळीराम म्हणाला. "चल."