डाव्या मडगार्डवरची थाप

घरात भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचे. भीती वाटायची म्हणून नाही, कंटाळा यायचा. शाळा इंग्लिश मीडियमची, पुढे फिजिक्स घेऊन बी.एस्सी. आवाज झाला म्हणजे काहीतरी हललं, एवढंच मला माहीत. मराठीत लिहायची सवयही नाही, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या...

सत्तरच्या दशकाचा शेवट. आम्ही नागपूरला प्रताप नगरात राहायचो. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बाबांचा ट्रक उभा असायचा — जुना, लांब बॉनेटचा. संत्री भरून घाटापलीकडे न्यायची, हे त्यांचं काम. दादा, माझा मोठा भाऊ, त्यांच्यासोबत क्लीनर म्हणून जायचा. बाबांचं ऐकणं कमी होत गेलं तसा दादाच त्यांचा कान झाला. मग एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली, आणि तो गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याचं सकाळचं काम माझ्याकडे आलं. थंड इंजिन स्टार्ट केलं की आतून टिक-टिक असा आवाज यायचा. ऑइल रात्रभरात खाली उतरलेलं असतं; ते वर चढेपर्यंत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे लहान भाग, वाजतात; इंजिन तापलं की थांबतात. थांबले तर ठीक, नाहीतर गाडी बाहेर काढायची नाही. मी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. आवाज नेमका कुठून येतो ते असं कळतं. वर केलेल्या बॉनेटमुळे मी बाबांना दिसत नसे, आणि ओरडून उपयोग नव्हता. म्हणून क्लीनर लोकांची खूण — मडगार्डवर दोन थापा म्हणजे चल, एक म्हणजे बंद कर. बाबांना ती पायाखाली कळायची.

आईला हे काहीच मान्य नव्हतं.

"मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही तुमाले, अन् घाटात जाऊन राहिले! पोरगा गेला, आता तुमी बी जा."

"पोरगी हाये ना ऐकाले."

"पोरगी इथं अंगणात ऐकते. घाटात कोन ऐकन?"

नेमकं हे बाबांना ऐकू यायचं नाही. त्या घरात तेव्हा सगळेच फार थकलेले होते.

त्या सकाळी माल भरून तयार होता. इंजिन तापलं तरी टिक-टिक थांबेना. आदल्याच दिवशी मेकॅनिकने टॅपेटचा गॅप लावून दिला होता. मी स्क्रू-ड्रायव्हर सरकवत गेले. बिघाड असेल तर एका जागी आवाज मोठा लागतो; त्या दिवशी सगळीकडे सारखाच... बोटं बधिर झाली होती, म्हणून दोन्ही हातांनी धरून ऐकत होते. काय सांगावं, माझं ठरत नव्हतं.

तेवढ्यात इंजिन बंद झालं. बाबा खाली उतरले.

"का झालं वं? का दिसलं तुले?"

"काहीच नाही. तुम्ही बंद का केलं?"

"तूच त मारली थाप. एक."

"मी नाही मारली, बाबा." स्क्रू-ड्रायव्हर अजून माझ्या कानाशीच होता, दोन्ही हातांत.

बाबा डाव्या मडगार्डपाशी गेले. दादा तिथेच उभा राहायचा. त्यांनी पत्र्यावर तळवा टेकवला.

"तू थाप मारली का हात झटकन काढून घेते," ते हळू म्हणाले. "मंग पत्रा झणझणते. आता नाही झणझणला. थाप मारून हात तसाच ठेवला कोनंतरी."

ती दादाची सवय होती. इंजिन बंद होईपर्यंत तो हात उचलायचा नाही.

बाबांनी तळवा हळूच उचलला. मग आत जाऊन आईला म्हणाले, "चहा ठेव. नाही जात."

संत्री दुसऱ्या ट्रकने गेली आणि नीट पोचली. आमचं इंजिन उघडलं तर मेकॅनिक म्हणाला, "मशीन एकदम साफ हाये, बाई. काहूनच वाजत होती, मले त समजत नाही." बाबा पुन्हा स्टीअरिंगवर बसले नाहीत. ट्रक विकला. नवा मालक न्यायला आला तीही थंडीचीच सकाळ होती. सवयीने मी कान देऊन उभी राहिले. टिक-टिक नव्हती.

थंडीत आकसणारा पत्रा, बाबांच्या पायातल्या मुंग्या, दादाची आठवण... सगळं लावून पाहिलं. थापेचा हिशेब कसातरी लागतो. त्या तशाच ठेवलेल्या हाताचा मला आजवर लागलेला नाही.

बाबांना आता जवळजवळ ऐकूच येत नाही. हाक मारायची तर मी त्यांच्या खाटेच्या लाकडावर थाप मारते — आणि हात झटकन काढून घेते. मीच आहे, हे त्यांना कळावं म्हणून.